तांबड्या माठाचं बी

माळाच्या कडेला एक गाव होतं. गावात घरं चाळीस, विहिरी दोन आणि माळीण एकच. तिचं नाव हौसा.

हौसाच्या घरामागं एक विहीर होती. विहिरीच्या अंगाला आठ-दहा वाफे, आणि सभोवती निवडुंगाचं कुंपण. उन्हाळाभर ते वाफे उघडे पडायचे. पण पावसाळा सरून आश्विनाचं ऊन पडलं की हौसा आणि तिचा नवरा कुदळ घेऊन उतरायचे, आणि दिवाळी होते न होते तोच मेथी, मुळा, पालक, कोथिंबीर, वांगी यांनी ती जागा अशी भरून जायची की वाटसरूसुद्धा कुंपणापाशी घटकाभर थांबायचा.

या सगळ्या भाज्यांत एक भाजी हौसाची खास होती. तांबडा माठ. तशी ही पालेभाजी सगळीकडेच होते. पण हौसाच्या माठाची पानं कुंकवासारखी लाल असत, आणि देठ बोटाएवढा जाड असूनही लोण्यासारखा शिजे. लसणाची फोडणी देऊन केलेली ही भाजी भातावर वाढली की भात गुलाबी होई, आणि रुसलेलं पोरही ताटावर येऊन बसे.

या माठाचं बी हौसाला तिच्या आईनं दिलं होतं. हौसा लग्न होऊन सासरी निघाली तेव्हा आईनं तिच्या पदराला एक गाठ मारली आणि म्हणाली, "बाळे, सोनं द्यायची माझी ऐपत नाही. हे घे. मोहरीपेक्षा बारीक आहे, पण दरसाल नवं होतं. शिळं करू नकोस, आणि मागायला आलेल्याला नाही म्हणू नकोस."

आई जाऊन पुष्कळ वर्षं झाली होती. पण तिचं बी दरसाल नवं होत होतं.

गावात एक रीतच पडून गेली होती. घटस्थापनेच्या सकाळी घरोघरच्या बाया पळसाच्या पानाची पुडी घेऊन हौसाच्या अंगणात यायच्या. हौसा प्रत्येकीच्या पुडीत एक चिमूट बी टाकायची. बाई म्हणायची, "हौसा, तुझ्या आईचं नाव राहो गं." एवढंच. पैसा नाही, धान्य नाही. मग गावातल्या प्रत्येक परसात माठ पेरला जाई, आणि महिन्या-सव्वा महिन्यात तो ताटात येई.

ताटात येई आणि संपून जाई. बियासाठी एकही झाड कोणी राखत नसे. कशाला राखायचं? हौसा आहे की!

खरं सांगायचं तर हौसालाही ते आवडायचं. आपल्या दारावाचून गावाचं पान हलत नाही, असं तिला मनातून वाटायचं. उरलेलं बीही ती वाटून टाकायची आणि हिवाळ्यातल्या माठाची वीस झाडं विहिरीलगत उन्हाळाभर बियासाठी राखायची. त्या वीस झाडांवर चाळीस घरांची भाजी उभी होती, हे कधी कोणाच्या ध्यानात आलं नाही.

मग एका साली असा उन्हाळा पडला की माळावरचे दगड दुपारी हाताला चटके देऊ लागले. गावाची एक विहीर चैत्रातच आटली. हौसाच्या विहिरीत तळाशी थोडा झरा राहिला. गाव त्यावरच पाणी भरी; हौसाच्या वाट्याला दिवसाला बारा घागरी येत. चार घराला, आठ त्या वीस झाडांना. हौसाचा नवरा रोज सकाळी घागरी ओढायचा आणि हौसा ओंजळीनं झाडांच्या बुडाशी पाणी सोडायची, एक थेंब इकडे तिकडे न सांडता.

वैशाख निम्मा झाला. झाडांना तुरे आले. हौसानं एक तुरा तळहातावर झटकून पाहिला. खालचं बी काळंभोर झालं होतं, वरचं अजून पांढुरकं होतं.

"कापायचे का?" नवऱ्यानं विचारलं.

"आणखी चार दिवस," हौसा म्हणाली. "वरचंही पिकू दे. चाळीस घरं आहेत."

दुसऱ्याच दिवशी दुपारी माळावरून धुरळा उठला. एक धनगर मेंढरं घेऊन आला होता. पन्नास-साठ मेंढरं, एक घोडं, एक कुत्रं, आणि मागं त्याची बायको. घोड्याच्या पाठीवर जाळीत नुकती जन्मलेली कोकरं होती. त्यांच्या माना जाळीतून बाहेर लोंबत होत्या.

धनगर कुंपणाबाहेरच थांबला. त्याचं नाव मायाप्पा.

"आक्का," तो म्हणाला, "थोडं पाणी मिळंल का? सगळ्या कळपाला नको. आठ मेंढ्या व्यायल्यात, तेवढ्यांनाच. आचळात दूध उतरंना. वरच्या दोन गावांनी हाकलून दिलं."

हौसाचा नवरा हळूच म्हणाला, "अगं, घरापुरतं काढून झालंय. आता जे उरलंय ते तुझ्या झाडांचं. आज झाडांना मिळणार नाही, बघ."

हौसानं झाडांकडे पाहिलं. मग जाळीतल्या एका कोकराकडे पाहिलं. त्याची जीभ बाहेर आली होती आणि ती कोरडी होती.

"झाड एक दिवस सोसेल," ती म्हणाली. "हे सोसायचं नाही. सोडा दोर."

मायाप्पा मुंडासं सावरत धावतच आत आला. तो आणि हौसाचा नवरा दोर ओढू लागले, हौसा आणि धनगरीण लोखंडी पाटीत पाणी ओतू लागल्या. एकेक मेंढी तोंड बुडवून अशी प्यायली की पाटीच्या तळाचा आवाज येऊ लागला. कुत्रं सावलीला जाऊन पडलं. आठही घागरी संपल्या. कोकरं आईच्या पोटाखाली शिरली आणि लुचू लागली. चौघंही ते बघत उभे राहिले. तेवढ्या वेळात कळपाकडे चौघांचीही पाठ होती, हे कोणाच्याच ध्यानात आलं नाही.

कळपाला ओल्या मातीचा वास आला होता. कुंपणात एके ठिकाणी निवडुंग वाळून खिंडार पडलं होतं. पुढच्या मेंढीनं मान घातली. एक शिरली की बाकीच्या शिरतात, मेंढरांचं तसंच असतं. हौसा वळली तेव्हा वीसच्या वीस झाडांचे बुंधे तेवढे उभे होते. पान नाही, तुरा नाही. एक म्हातारी मेंढी शेवटचा तुरा शांतपणे चघळत होती.

नवरा काठी घेऊन धावला, पण आता धावून काय राखायचं होतं?

मायाप्पानं मुंडासं काढून हौसाच्या पायाशी ठेवलं. "आक्का, तू पाणी पाजलंस आणि माझ्या जनावरांनी हे केलं. मला मार."

एवढ्यात कुंपणापलीकडून शेजारणीचं डोकं वर आलं. ही ठकूबाई. मनानं वाईट नव्हती, पण जिभेला तिनं कधी लगाम घातला नव्हता.

"वा गं हौसा!" ती म्हणाली. "पाणीही पाजलंस आणि वर जेवायलाही वाढलंस! आता नुसती बघत काय राहिलीस? पीक खाल्लं तर जनावर ठेवून घ्यायचं, ही गावाची रीत आहे. चांगली दुधाची मेंढी घे कोकरासकट."

"ठकूबाई खरं बोलतेय," नवरा म्हणाला.

मायाप्पानं स्वतःच कळपातली चांगली मेंढी निवडली, तिच्या गळ्यात दोर बांधला आणि दोराचं टोक हौसाच्या हातात दिलं. मेंढीमागं तिचं कोकरू आलं. त्याच्या कपाळावर पांढरा ठिपका होता. आपली आई कोणाच्या दावणीला जातेय याचं त्याला काही नव्हतं. ते खाली शिरून परत लुचू लागलं.

हौसाच्या हातात दोर होता. मनात राग होता, आणि रागाच्या खाली रडू होतं. आईची आठवण म्हणून तिच्यापाशी ते बीच तर होतं. घटस्थापनेला बाया येतील तेव्हा काय सांगायचं? दोर घट्ट धरावा असंच तिला वाटत होतं. तिनं तो धरलाही. पण मग तिला वाटलं, हे कोकरू वाचावं म्हणूनच ना आपण पाणी ओतलं? मग आता त्याचीच आई ठेवून घ्यायची?

तिनं दोर मायाप्पाच्या हातात परत दिला.

"पाणी मी आपणहून दिलंय," ती म्हणाली. "त्याचा मोबदला मला नको. आणि तहानलेली जनावरं भुकेलीही असतात, एवढं माझ्या ध्यानात यायला हवं होतं. न्या तुमची मेंढी."

आणि ती घरात निघून गेली, कारण पुढचं रडू तिला कोणाला दाखवायचं नव्हतं.

"खुळी आहे," ठकूबाई म्हणाली. पण या खेपेला जरा हळू म्हणाली.

मायाप्पा हौसाच्या नवऱ्याला म्हणाला, "दादा, मग एवढं तरी करू दे. कोकरं चालायजोगी होईपर्यंत दोन दिवस माझी मेंढरं तुमच्या रानात बसवतो. लेंड्या पडतील, तेवढंच खत. दुसरं माझ्यापाशी काही नाही."

मेंढरं रानात बसवायची म्हणजे रात्रीचा मुक्काम त्या जमिनीवर करायचा. मेंढरांच्या लेंड्या आणि मूत यांनी जमिनीला जोर येतो. एरवी लोक धनगराला धान्य देऊन मेंढरं बसवून घेत. मायाप्पानं दोन मुक्काम केले. तिसऱ्या सकाळी धनगरणीनं सगळ्या वाफ्यांतल्या लेंड्या स्वतःच्या हातानं झाडून गोळा केल्या. "आता उघड्यावर राहिल्या तर वाऱ्यावर जातील," ती म्हणाली. पडवीत एक कडा फुटलेला मोठा रांजण पडून होता, त्यात तिनं त्या भरल्या. हौसानं त्या रांजणावर फळी ठेवली आणि फळीवर दगड ठेवला. तिला तिकडे बघवत नव्हतं.

पाऊस आला, बेताचाच पडला आणि गेला. माळ हिरवा झाला. भाद्रपद सरत आला तशी हौसानं कुदळ हातात घेतली. मेथीचं बी तिनं माहेराहून आणलं, मुळ्याचं शेजारच्या गावातून मागून आणलं. तांबडा माठही तिनं शोधला; माहेरी तो आईबरोबरच संपला होता. पाच गावं पालथी घातली. माठ मिळायचा, पण तो हिरवट असायचा, नाहीतर देठाला चिवट. आईचा माठ कुठंच नव्हता.

"निदान त्या रांजणातलं खत तरी वाफ्यात घाल," नवरा म्हणायचा.

"असू दे," हौसा म्हणायची.

घटस्थापनेची सकाळ उजाडली. ठरल्या वेळी बाया पळसाच्या पुड्या घेऊन अंगणात आल्या. काही झालं तरी हौसा कुठून तरी बी काढेलच, अशी सगळ्यांची खात्री होती. हौसा दारात उभी राहिली. सकाळपासून ती मनात वाक्यं जुळवत होती, पण तोंडातून दोनच शब्द आले.

"यंदा नाही."

एका म्हातारीनं आपली पुडी उलगडली, पान सरळ केलं, आणि उगाच परत दुमडलं. "असू दे गं," ती म्हणाली, "आजवर दिलंस ते काय थोडं आहे?" बाया एकेक करून गेल्या. पण त्यांच्या हातातल्या रिकाम्या पुड्या हौसाला दिवसभर दिसत राहिल्या.

ठकूबाई तेवढी मागं राहिली.

"बी नाही तर नाही," ती म्हणाली. "मेंढरांना वाटलंस ते काही परत येत नाही. पण तुझ्या रांजणात त्या लेंड्या नुसत्याच पडल्यात ना? मिरचीला लेंडीखतासारखं दुसरं काही नाही. तुला बघवत नसेल तर मला दे."

दुसरी कोणी असती तर म्हणाली असती, मला टोमणे मारतेस आणि वर खत मागतेस? हौसाच्याही ओठावर ते आलं होतं. पण मागायला आलेल्याला नाही म्हणायचं नाही, हे आईचं बोलणं होतं. बी नव्हतं, तरी बोलणं होतंच.

"ने एक टोपली," ती म्हणाली.

ठकूबाईनं टोपली शिगोशीग भरून नेली. लेंड्या कुटल्या, मिरचीच्या वाफ्यात पसरल्या आणि भरपूर पाणी दिलं.

नवरात्राचे दिवस सरत आले. दसऱ्याच्या आदल्या दिवशी सकाळी हौसा मेथीला पाणी देत होती. तेवढ्यात कुंपणावरून मातीसकट मूठभर रोपं येऊन तिच्या पायाशी पडली. मागोमाग ठकूबाईचा आवाज आला.

"घे तुझं तुला! खत दिलंस का तण दिलंस गं? मिरची बाजूलाच राहिली, सगळ्या वाफ्यात हेच उगवलंय! सकाळपासून उपटतेय, कंबर मोडली माझी!"

हौसा वाकली. नखाएवढी रोपं. दोन-दोन पानांची. वरून मातकट हिरवी, कुठल्याही तणासारखी. पण तिला लहानपणी आईनं शिकवलं होतं, माठ ओळखायचा तर पानाची पाठ बघायची. तिनं एक रोप उचललं, बोटानं पान उलटं केलं.

पाठ लाल होती. कुंकवासारखी.

"ठकू!" हौसा एवढ्या मोठ्यानं ओरडली की घरातून नवरा धावत आला. "ठकू, हात लावू नकोस! अगं, आहे तिथंच उभी राहा!"

"का? साप आहे का काय?" ठकूबाई एका पायावर उभी राहिली.

हौसा कुंपणाला वळसा घालून पलीकडे गेली आणि मिरचीच्या वाफ्यात गुडघे टेकून बसली. एकेक पान उलटून बघू लागली. लाल. लाल. हेही लाल. ती हसत होती आणि तिचे डोळे वाहत होते. ठकूबाईला वाटलं, हिला उन्हाचं काही झालं.

मग तिघंही पडवीत आली. हौसानं रांजणावरचा दगड काढला, फळी काढली आणि आत हात घातला. एक वाळलेली लेंडी तळहातावर घेऊन चुरली. त्या भुशात बारीक काळे मणी चमकत होते. पिकलेलं बी मेंढरांच्या पोटातून तसंच्या तसं बाहेर आलं होतं, आणि एवढे महिने रांजणात कोरडं राहिलं होतं.

"आणि मी दगड ठेवून बसले होते यावर," हौसा म्हणाली.

नवऱ्यानं रांजणात डोकावून पाहिलं. "ठकूबाईनं टोपली नेली, तरी अर्धा आहे," तो म्हणाला. "ऐक माझं. यंदा सगळं आपल्याच वाफ्यात घालू. पुष्कळ बी धरू, आणि पुढल्या साली गावाला वाटू. आता वाटलंस आणि काही झालं तर परत शून्यावर येशील."

त्याचं बोलणं व्यवहाराचं होतं. हौसानं आणखी एक लेंडी चुरून पाहिली.

"नाही," ती म्हणाली. "सगळं एकाच दारी होतं, म्हणून तर एका दुपारी गेलं. ती चूक मीच केली होती. सगळ्यांनी माझ्या दारी यावं, हे मला गोड लागायचं. आणि अहो, ठकूला टोपली दिली नसती तर हे बी इथंच कुजलं असतं. आता ते मी कशी दाबून ठेवू?"

दुसऱ्या दिवशी दसरा. संध्याकाळी बाया आपट्याची पानं घेऊन सोनं द्यायला निघाल्या. हौसाच्या अंगणात आल्या तर तिनं चाळीस पुड्या मांडून ठेवल्या होत्या, पळसाच्या पानाच्या. ती प्रत्येकीच्या हातात एक पुडी ठेवी आणि म्हणे, "सोनं घ्या."

म्हातारीनं तिथंच पुडी उघडली. आत मूठभर लेंड्या!

एक हसली, मग दुसरी हसली, मग सगळं अंगण हसायला लागलं. "अगं बाई! दसऱ्याला लोक सोनं देतात, हौसा लेंड्या देते!"

तेव्हा ठकूबाई कमरेवर हात ठेवून मधोमध उभी राहिली.

"हसू नका गं बायांनो," ती म्हणाली. "हेच सोनं काल मी दोन्ही हातांनी उपटून कुंपणावरून फेकलं. माझ्यासारख्या शहाण्या होऊ नका. घरी जा, कुटा, पेरा, आणि नखाएवढं रोप आलं की पानाची पाठ बघा!"

मग हौसानं सगळी हकीकत सांगितली. "एकच मागणं आहे," हौसा म्हणाली. "यंदा भाजी खा, पण दोन झाडं बियासाठी राखा. प्रत्येक घरानं. म्हणजे मेंढरं माझ्याकडे शिरली तरी बी तुमच्याकडे असेल, आणि तुमच्याकडे शिरली तर माझ्याकडे."

म्हातारीनं पुडी कपाळाला लावली. "हौसा," ती म्हणाली, "तुझ्या आईचं नाव राहो. आणि त्या धनगराचंही."

दिवाळी झाली. कार्तिकाची थंडी पडू लागली. चाळीस घरांच्या परसांत माठ लाल झाला. माळावरून बघणाऱ्याला वाटावं, गावानं घरोघरी लुगडी वाळत घातली आहेत. पहिली काढणी झाली त्या दिवशी हौसानं भाजी केली, लसणाची फोडणी दिली, आणि पहिला घास आईच्या नावानं बाजूला काढून ठेवला.

एके सकाळी लांबून घंटांचा आवाज आला. हौसा अंगणात आली. मेंढरं उताराच्या वाटेला लागली होती. पण ती गावातून न येता टेकडीला वळसा घालून, काट्याकुट्यांतून चालली होती. हौसानं ओळखलं. तिनं भराभर माठाच्या चार जुड्या उपटल्या आणि पदर खोचून धावत सुटली. मागून नवरा, आणि त्याच्यामागं काय झालं ते बघायला ठकूबाई.

"ओ दादा! थांबा! वाट चुकलात का?"

मायाप्पा थांबला. त्यानं मान वर केली नाही. "वाट नाही चुकली आक्का," तो म्हणाला. "तुझ्या दारावरून कोणत्या तोंडानं जाऊ?"

हौसानं धनगरणीपुढं उभं राहून तिचा पदर पसरायला लावला, आणि माठाच्या लाल जुड्यांनी तिची ओटी भरली.

"हे तेच आहे," ती म्हणाली. "तुमच्या मेंढरांनी खाल्लेलं. त्या उन्हात माझी झाडं मी पुढं राखू शकले असते का, कोण जाणे. तुमच्या मेंढरांनी ती पोटात राखली, आणि तुम्ही स्वतःच्या हातांनी झाडून रांजणात भरून दिलीत. मला कळलं नाही, एवढंच."

धनगरणीला आधी काही समजेना. समजलं तेव्हा तिनं ओटीतल्या जुड्यांवरून हात फिरवला, आणि मग तोच हात हौसाच्या गालावरून फिरवला. मायाप्पानं पहिल्यांदा मान वर केली. तो कळपात शिरला आणि कपाळावर पांढरा ठिपका असलेलं, चांगलं वाढलेलं कोकरू घेऊन आला.

"आक्का, सहा महिने हे तुझ्या नावानं वेगळं राखलंय," तो म्हणाला. "याची आई तू परत दिलीस, म्हणून हे आज उभं आहे. नाही म्हणू नकोस."

हौसा कोकराला हात लावायला वाकली. पण कोकराचं तिच्याकडे लक्षच नव्हतं. त्यानं मान लांब केली आणि धनगरणीच्या ओटीतल्या जुडीचा एक चांगला मोठा घास घेतला.

"बघा बघा!" ठकूबाई म्हणाली. "आईच्या दुधातून घेतलेली चव विसरलं नाही मेलं!"

सगळे हसले. मायाप्पाही हसला, आणि हसता हसता त्यानं मुंडाशाच्या टोकानं डोळे पुसले. हौसानं कोकरू ठेवून घेतलं नाही. "तुमच्यापाशीच असू दे," ती म्हणाली. "पण दरसाल जाता-येता इथूनच न्या. आणि कार्तिकातले दोन मुक्काम माझ्या रानात."

तेव्हापासून तो कळप गावातूनच जातो. हौसाच्या विहिरीपाशी गावानं पाण्याची एक दगडी डोणी बसवली, नुसती वाटेवरच्या जनावरांसाठी. उन्हाळा कितीही कडक असो, रोज एका घरानं त्यात दोन घागरी ओतायच्या असं ठरलं. पहिली घागर ठकूबाईनं ओतली. ओतताना ती म्हणालीच, "प्या बाबांनो, पण कुंपणाकडे बघू नका!"

आणि घटस्थापनेला आता कोणाची पुडी रिकामी नसते. बाया येतात, एकमेकींच्या पुडीत आपापल्या घरचं चिमूटभर बी टाकतात, आणि हौसाच्या अंगणात बसून चहा पितात. हौसालाही प्रत्येकीकडून एक चिमूट मिळते. एक चिमूट वाटणाऱ्या बाईच्या ओंजळीत चाळीस चिमटी येतात. ती ओंजळ ती आईसारखी पदराच्या गाठीत बांधते.

तात्पर्य: तहानलेल्याला दिलेलं पाणी वाया जात नाही. ते कोणत्या वाटेनं परत येईल हे आपल्याला कळत नाही, म्हणून दाराशी आलेल्याला नाही म्हणू नये आणि हाती आलेलं एकट्याच्या घरी कोंडू नये.